जुन्या कन्व्हर्टिबलचं हायड्रॉलिक छत: पंप बदलण्याआधी काय काय तपासायचं

छत अर्ध्यावर येऊन थांबलं की गॅरेजमध्ये पहिला संशय पंपावर जातो. पंप महाग असतो, जुन्या गाडीचा तर बाहेरून मागवावा लागतो, आणि एवढं करून तो बसवला तरी छत बऱ्याचदा तिथेच अडतं. कारण या यंत्रणेत पंप हाच सगळ्यात दणकट भाग आहे. त्याच्या आधी रबर मरतं, बिजागऱ्या जाम होतात, वायरी तुटतात, नको तिथे पाणी साचतं. म्हणून तपासणीत पंपाचा नंबर शेवटचा लावायचा. बडोद्यात तर हे जास्तच खरं. मे महिन्यात ४२-४३ अंशांवर जाणारा पारा आणि पाठोपाठ येणारा दमट पावसाळा रबराच्या मुळावर उठतो. तेल अडवून धरणाऱ्या रबरी सीलचा, गाडी किती पळाली याच्याशी फारसा संबंध नाही. कव्हर घालून उभ्या ठेवलेल्या गाडीची सीलही वयानं जातातच.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसवर २१ गन सॅल्यूट कॉन्कूर हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तसल्या मेळाव्यांत दिसणाऱ्या १९२०-३० च्या दशकांतल्या बहुतेक गाड्यांचं छत हातानंच उघडायचं असतं, तिथे कापड आणि लाकूड सांभाळलं की झालं. इथे बोलायचं आहे ते नंतरच्या गाड्यांबद्दल. त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. एक, साठच्या दशकातल्या इम्पाला, मस्टँग अशा अमेरिकन गाड्या: मागच्या सीटच्या पाठीमागे पंप, दोन बाजूंना दोन सिलिंडर, कमी दाब, आणि डॅशबोर्डवर एक बटण. दुसरा, नव्वदीतल्या आणि त्यानंतरच्या युरोपियन गाड्या: मर्सिडीजची १२४ कॅब्रिओले, १९८९ ते २००१ या काळात बनलेली आर१२९ एसएल, २०८ मालिकेतली सीएलके, बीएमडब्ल्यूची ई८५ झेड४. यांत कंट्रोल युनिट असतं, ठिकठिकाणी स्विच किंवा सेन्सर असतात, छत उचलण्याखेरीज कुलपं आणि झाकणं हलवणारे वेगळे सिलिंडरही काही गाड्यांत असतात, आणि दाब बऱ्याचदा १०० बारच्या (बार हे दाबाचं एकक) वर जातो.

हात घालण्याआधी

दाबाचा अंदाज एका हिशेबावरून येईल. सिलिंडरचा आतला व्यास २० मिमी धरला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी भरतं. त्यावर १०० बार दाब आला की जोर होतो सुमारे ३१४० न्यूटन, म्हणजे ३२० किलोच्या आसपास. सांध्यात बोट असेल तर ते राहणार नाही. कामाच्या वेळी बटणाजवळ कुणालाही बसू देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच. छत अर्ध्यावर ठेवून काम करायचं असेल तर फ्रेमखाली लाकडी टेकू हवाच. तेलाच्या भरवशावर उभं राहिलेलं छत पाइप सैल करताच खाली येतं. पाइप सोडण्याआधी पंपावरची बायपास झडप (तेलाला परत टाकीकडे मोकळी वाट देणारी) उघडून दाब काढून टाका आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

बॅटरी सोडण्याआधी एक लक्षात ठेवा. पुष्कळ युरोपियन गाड्यांत बॅटरी जोडल्यावर काचांची मर्यादा नव्यानं शिकवावी लागते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरायचं, अशी काहीशी पद्धत असते. नेमकी कृती गाडीच्या पुस्तकात पाहा. हे राहिलं तर कंट्रोल युनिट छत हलवायलाच तयार होत नाही, आणि मग चांगल्याभल्या हायड्रॉलिकवर खापर फुटतं.

यंत्रणा चालते कशी

पंपाची मोटार दोन्ही दिशांना फिरते. एका दिशेनं फिरली की तेल पिस्टनच्या खालच्या बाजूला ढकललं जातं आणि रॉड बाहेर येतो; उलट फिरली की तेल रॉडच्या बाजूला जातं आणि रॉड आत ओढला जातो. अमेरिकन गाड्यांत बहुधा एवढंच. युरोपियन गाड्यांत मध्ये विजेवर उघडझाप होणाऱ्या सोलेनॉइड झडपा येतात आणि कंट्रोल युनिट एकेका सिलिंडरला क्रमानं तेल सोडतं: आधी कुलूप, मग मागचं झाकण, मग छत. प्रत्येक टप्पा झाला हे सांगायला एक मायक्रोस्विच किंवा चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो. त्यातल्या एकानं साक्ष दिली नाही तर पुढचा टप्पा सुरूच होत नाही.

यातून निदानाचा एक उपयोगी नियम निघतो. छत दर वेळी नेमकं त्याच जागी थांबत असेल तर आधी स्विच, वायर किंवा अडथळा शोधा. रोज वेगळ्या जागी, धापा टाकत थांबत असेल तर तेल, हवा किंवा व्होल्टेज.

कानानं आणि मल्टिमीटरनं निदान

इंजिन चालू ठेवा आणि बटण दाबून आवाज ऐका. मोटार मुळीच बोलत नसेल तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि इंटरलॉक (ठरलेली अट पुरी झाल्याशिवाय छत हलू न देणारे स्विच) पाहा. डिकीतला सामानाचा पडदा जागेवर नसणं हे यातलं सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात नेहमीचं कारण आहे. अनेक गाड्यांत तो पडदा खाली ओढून खाचेत बसल्याशिवाय छत हलत नाही. त्याचा प्लॅस्टिकचा खिळा झिजला की स्विच दाबला जात नाही. नंतर डिकीच्या बिजागरीपाशी जाणारा वायरींचा जुडगा उघडून पाहा. वर्षानुवर्षं वाकून तिथल्या वायरी आवरणाच्या आत तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

मोटार जड, दबल्या आवाजात फिरते आणि छत हलत नाही: दाब तयार होतोय, पण काहीतरी अडलंय. लगेच बटण सोडा. मोटार हलक्या, चिरक्या आवाजात पळते आणि छत ढिम्म: टाकीत तेल नाही, पाइपात हवा आहे किंवा बायपास झडप उघडी राहिली आहे. मोटार सुरू होऊन पाच-दहा सेकंदांत मंदावते: व्होल्टेज.

व्होल्टेज मोजायला दोन मिनिटं लागतात. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या आसपास हवेत. मग इंजिन चालू करून छत हलवताना थेट पंपाच्या टोकांवर मोजा. तिथे ते ११ च्या खाली जात असेल तर व्होल्टेज वाटेत कुठेतरी पडतंय. मल्टिमीटरचं एक टोक मोटारीच्या निगेटिव्हवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि मोटार चालवा. अर्धा व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगचा बोल्ट गंजलाय. तो काढा, पॉलिश पेपरनं पत्रा चमकवा, परत आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा हलका हात. पंप बदलायची निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, असं म्हणणं फार धाडसाचं नाही.

छत तिरकं उठत असेल, म्हणजे डावी बाजू पुढे आणि उजवी मागे, तर मागे राहणाऱ्या बाजूचा सिलिंडर आतून गळतोय किंवा त्या बाजूची बिजागरी जाम आहे. दोन्हीतला फरक ओळखायला बायपास उघडून, दोघांनी दोन बाजूंनी धरून छत हातानं हलवून पाहा. हातालाही तीच बाजू जड लागली तर दोष लोखंडाचा. दोन्ही बाजू सारख्या हलक्या लागल्या तर सिलिंडर काढा.

आधी बिजागऱ्या

जाम बिजागरीमुळे सील फुटतं, हा क्रम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सांधा जड झाला की तेच छत उचलायला पंपाला जास्त दाब लावावा लागतो, आणि तो वाढीव दाब साखळीतल्या सगळ्यात थकलेल्या सीलवर जातो. नवीन सील टाकून जुनी जाम फ्रेम तशीच ठेवली तर काम पुन्हा निघणार.

प्रत्येक सांध्यावर आधी ब्रशनं धूळ काढा, मग डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारून जुनं चिकट वंगण सैल करा आणि कपड्यानं पुसून घ्या. हा स्प्रे साफसफाईसाठी, वंगण म्हणून तो टिकत नाही. पुसल्यावर सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब किंवा सुकं टेफ्लॉन वंगण पुरे. ग्रीस लावू नका; आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि महिन्याभरात तिची कानस होते. नायलॉनची बुश झिजली असेल तर छत किंचित खाली लोंबतं आणि पुढचं कुलूप खाचेसमोर येत नाही. ती बुश लेथवर डेलरिन या कडक प्लॅस्टिकची करून घेता येते, पाव मिलिमीटरचा फरकही तिथे जाणवतो.

रबराच्या पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, इथे पेट्रोलियम जेली नको. उत्तरायणानंतर एकदा सगळे सांधे आणि रॉड बारकाईनं बघा. काच लावलेला मांजा फ्रेमवर गुंडाळला जातो, छत चालवताच तो रॉडबरोबर सिलिंडरच्या तोंडापर्यंत जातो आणि सीलची कड कापतो. १४-१५ जानेवारीला गाडी बाहेर काढायचीच असेल तर छत लावून काढा. उघड्या गाडीत मांजा गळ्याला लागतो, ते तर वेगळंच संकट.

तेल कुठलं

इथली चूक सगळ्यात महागात पडते. जुन्या, विशेषतः पन्नाशीच्या दशकातल्या काही अमेरिकन गाड्यांच्या छतात ब्रेक ऑइल असायचं. नंतरच्या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ आलं. जर्मन गाड्यांत बहुतांशी हिरवट रंगाचं पातळ हायड्रॉलिक तेल असतं, पेंटोसिन सीएचएफ ११एस हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. टाकीवरची खूण, गाडीचं पुस्तक आणि आत्ता आत असलेलं तेल, तिन्ही जुळवून पाहा.

ही तेलं एकमेकांत मिसळली तर रबर जातं. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी ईपीडीएम रबर लागतं. ईपीडीएमला एटीएफ किंवा सीएचएफ लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. उलट, खनिज किंवा सिंथेटिक तेलासाठी बनलेलं नायट्राइल आणि पॉलियुरेथेन ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही. चुकून भरलं गेलंच तर बटण न दाबता टाकी रिकामी करा. बटण दाबून तेल पाइपात गेलं असेल तर सगळं धुऊन सगळी सील बदलणं हाच उपाय. ब्रेक ऑइलची गाडी खनिज तेलावर न्यायची असेल तर पाइप, सिलिंडर आणि पंपातलं प्रत्येक रबर एकाच वेळी बदलावं लागतं, थोडं-थोडं करून हे जमत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. सीएचएफ आणि एटीएफ तीन-चार वर्षं चालतं. रंग काळपट झाला, वास जळका आला किंवा तेल दुधाळ दिसलं तर वाट पाहू नका. दुधाळ म्हणजे आत पाणी आहे.

पातळी बघणं आणि तेल बदलणं

टाकीवर खुणा असतात, पण त्या छताच्या एका विशिष्ट स्थितीत वाचायच्या असतात. रॉड बाहेर आला की त्यानं अडवलेली जागा तेल घेतं, म्हणून टाकीतली पातळी उतरते. १० मिमी जाडीचा आणि २०० मिमी चालीचा रॉड सुमारे १६ मिली फरक पाडतो. दोन सिलिंडर धरले तर ३० मिलीच्या वर. रॉड बाहेर असताना टाकी काठोकाठ भरलीत आणि मग रॉड आत आले, तर हे जास्तीचं तेल झाकणातून डिकीच्या गालिच्यावर येतं. पुष्कळांना ती गळती वाटते.

तेल बदलायला ६० मिलीची सिरिंज आणि ऑक्सिजनची पातळ नळी पुरते, दोन्ही औषधांच्या दुकानात मिळतात. टाकीतलं तेल ओढून काढा, नवीन भरा, छत तीन वेळा उघडझाप करा, पुन्हा काढा. एकंदर तेलातलं निम्मं टाकीत राहतं असं धरलं तर पहिल्या फेरीनंतर ५० टक्के जुनं उरतं, दुसरीनंतर २५, तिसरीनंतर साडेबारा. तीन फेऱ्या बास. बहुतेक गाड्यांना दीड-दोन लिटर तेल यात जातं. काढलेलं तेल मोजून ठेवा आणि तेवढंच भरा. जुनं तेल गटारात ओतायचं नाही, इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यायचं.

सीटवर थेंब पडला तर घासू नका. कोरड्या मायक्रोफायबरनं टिपा, वर टाल्कम पावडर रात्रभर राहू द्या, सकाळी झटका. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर त्याच क्षणी भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलला जाईल.

गळती कुठे शोधायची

मर्सिडीजच्या आर१२९ आणि २०८ मध्ये समोरच्या काचेच्या वरच्या कडेपाशी कुलपाचे सिलिंडर असतात. त्यांची सील गेली की तेल आरशावर, कन्सोलवर, क्वचित चालवणाऱ्याच्या डोक्यावर टपकतं. आतल्या छताच्या पुढच्या कडेला तपकिरी डाग दिसला की समजा. मागच्या सिलिंडरांची गळती सीटच्या मागे किंवा डिकीच्या कोपऱ्यात उतरते. पंपाच्या खाली तेल दिसलं तर लगेच पंपच फुटला असं मानू नका. वरच्या पाइपातून ओघळून ते सर्वांत खालच्या जागी गोळा होतं. सगळं पुसून कोरडं करा, प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा, छत दोनदा चालवा. ओला पेपर खरा दोषी दाखवतो.

गळती बाहेर कुठेच नाही, पण अर्ध्यावर थांबवलेलं छत हळूहळू खाली बसतं? मग पिस्टनवरचं सील किंवा पंपातली चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेनं सोडणारी झडप) गेली आहे. सिलिंडर काढून टेबलावर तपासता येतो: तेलानं भरा, तळाकडचं तोंड बूच मारून बंद करा, दुसरं उघडं ठेवा आणि रॉड हातानं आत दाबा. जागेवर अडला पाहिजे. रॉड हळूहळू आत सरकला आणि उघड्या तोंडातून तेल आलं तर पिस्टनचं सील गेलं. सगळे सिलिंडर पास झाले तरच पंपाकडे वळा.

सिलिंडरची सील बदलणं

जुन्या सीलचं काय होतं ते एकदा हातात घेऊन बघण्यासारखं आहे. नव्वदीतल्या अनेक सिलिंडरांत पॉलियुरेथेनची सील होती. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की पॉलियुरेथेनची साखळी पाण्यानं तुटत जाते. नखानं ओढलं तर सील ओल्या गुळासारखं तुटून बोटाला चिकटतं. त्याचेच कण तेलात फिरून पंपाच्या गाळणीत आणि झडपांत अडकतात. त्यामुळे एक सील गेलं की त्याच वयाची बाकीचीही रांगेत आहेत असं धरा. एकेक करून काम काढण्यापेक्षा सगळे सिलिंडर एकदम उतरवलेले बरे. मेहनत सगळी आतलं कापड आणि पत्रे सोडण्यात जाते, सीलचा खर्च त्यामानानं किरकोळ असतो.

सोडताना प्रत्येक पाइपाला आणि तोंडाला रंगीत टेप लावा, मोबाइलनं फोटो काढा. पाइप उलटे लागले तर छत उलट दिशेनं जोर लावतं आणि फ्रेम वाकते. उघडी तोंडं लगेच प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करा.

सिलिंडर उघडण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. काहींचं डोकं आट्यांचं असतं. त्याला दोन खिळ्यांचा पान्हा लागतो, तो स्थानिक लेथवाला करून देतो. काहींत आत तारेची सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी कडी असते. डोकं आधी दोन-तीन मिलिमीटर आत ढकलायचं, तेव्हा सर्क्लिप मोकळी होते. न ढकलता ओढलं तर खाच ओरबाडते. तिसरी तऱ्हा दाबून बंद केलेल्या सिलिंडरांची. ते कापून, आटे पाडून पुन्हा जोडणं शक्य असतं, पण ते काम हायड्रॉलिकच्या जाणकार वर्कशॉपचंच.

आतली सील साधारण चार: रॉडवरचं यू-कप (इंग्रजी यू आकाराच्या छेदाचं सील), त्याच्या बाहेर धूळ पुसणारं वायपर, डोक्याची ओ-रिंग आणि पिस्टनचं सील. जुन्या सीलवरून माप घेऊ नका, ते फुगलेलं किंवा आक्रसलेलं असतं. माप खाचेवरून घ्या: व्हर्नियरनं रॉडचा व्यास, सिलिंडरचा आतला व्यास, खाचेची रुंदी आणि खोली. हे चार आकडे आणि तेलाचं नाव कागदावर लिहून बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत गेलात तर सीलचा दुकानदार नेमकं काय द्यायचं ते ओळखतो. नुसतं ‘गाडीच्या छताचं सील’ म्हणालात तर हातात काहीही पडेल.

मागायचं असं. खनिज किंवा सिंथेटिक तेल असेल तर रॉडला ९० शोअरच्या आसपास कडकपणाचं पॉलियुरेथेन किंवा नायट्राइल यू-कप. व्हायटॉन हे रबर उष्णतेला आणि ओलीला जास्त दाद देत नाही, मिळालं तर बडोद्याच्या हवेसाठी तेच घ्यावं. ओ-रिंग ७० शोअरची सर्रास मिळते. १०० बारच्या वर दाब असेल तर ९० शोअरची घ्या किंवा मागे टेफ्लॉनची बॅकअप रिंग टाका, नाहीतर दाबाखाली रबर फटीत शिरून कातरलं जातं. स्थिर जागी ओ-रिंगची जाडी १५ ते २० टक्के दाबली जायला हवी, हलत्या जागी त्याहून कमी.

रॉड तपासताना आडवं नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा नवीन सीलही कापणार. पॉलिश पेपरनं घासून खड्डा जात नाही, क्रोम मात्र जातं. हार्ड क्रोम करून मापात ग्राइंड करून घ्यावा.

बसवताना पुढचा क्रम पाळा.

१. सगळे भाग गाडीतल्याच तेलानं ओले करा. साध्या ग्रीसला इथे जागा नाही.

२. रॉडच्या आट्यांवर जुन्या एक्स-रे फिल्मची गुंडाळी चढवा, म्हणजे सीलची कड आट्यांनी चिरणार नाही.

३. यू-कप आत घालताना बोटांनी मुडपून मूत्रपिंडाच्या आकाराचं करा, खाचेत सोडा आणि गुळगुळीत प्लॅस्टिकनं पसरवा. स्क्रूड्रायव्हर नको. पॉलियुरेथेन ताठ वाटलं तर पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवून पुसून घ्या.

४. यू-कपचं उघडं तोंड दाबाच्या दिशेला हवं. उलटं बसलं तर पहिल्याच दाबाला गळणार.

५. डोकं बंद केल्यावर रॉड हातानं पूर्ण चालीत फिरवा. कुठेही टोचत असेल तर उघडा.

६. बानजो बोल्टला (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) नवीन कॉपर वॉशर टाका आणि पुस्तकातल्या टॉर्कवर आवळा. ॲल्युमिनियमच्या डोक्यात आटे मोडायला फार जोर लागत नाही.

पाइप परत नेताना छताच्या हालचालीच्या वाटेत येणार नाहीत असे बांधा. नायलॉनचे जुने पाइप कडक झाले असतील तर मूळ जाडीचे नवीन टाका.

हवा काढणं

बहुतेक यंत्रणांत हवा सोडायचा वेगळा निपल नसतो, हवा टाकीतूनच बाहेर जाते. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा, झाकण सैल ठेवा, इंजिन चालू ठेवा. पहिल्यांदा छत थोडं उचला, थांबा, परत आणा. पातळी झपाट्यानं उतरेल, भरत राहा. एकदा का पंपानं हवा ओढली की मेहनत पहिल्यापासून. मग पूर्ण उघडझाप तीन ते पाच वेळा. तेलावर फेस आला तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. फेसाळ तेल दाबलं जातं आणि छत झटके देत हलतं. मोटार थोड्या वेळाच्या कामासाठी बनलेली आहे, दोन फेऱ्यांनंतर तिला दहा मिनिटं गार होऊ द्या. मध्येच पूर्ण बंद पडली तर बहुधा तापल्यामुळे आतला थर्मल स्विच उघडलेला असतो आणि गार झाल्यावर तो आपोआप जुळतो. लगेच फ्यूज वाढवून टाकण्याचा मोह टाळा.

पाणी

छताच्या खोबणीत पडणारं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली जातं. दांडिया बाजार, रावपुऱ्यात कडुनिंबाखाली उभी राहणारी गाडी फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत या नळ्या बुजवून घेते आणि ते कळतं थेट जूनअखेरीच्या पहिल्या मोठ्या पावसात. ई८५ झेड४ चा पंप छताच्या खोबणीत खालच्या बाजूला असतो. नळी तुंबली की पंपाची मोटार पाण्यात बुडते आणि गंजून जाते. ही त्या गाडीची जगभर ठाऊक असलेली खोड आहे, आणि पंप डिकीत हलवणं हा तिच्यावरचा नेहमीचा इलाज.

मेअखेरीला छत अर्धं उघडून खोबणी हातानं साफ करा. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी नळीत फिरवा. तार घातलीत तर नळी फाटेल, कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर जोडातून निसटेल. मग अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. दोन्ही बाजूंनी गाडीखाली तेवढंच पाणी आलं पाहिजे.

विश्वामित्रीचं पाणी ऑगस्ट २०२४ मध्ये फतेहगंज, समा, अकोटा भागांत शिरलं होतं. तसल्या पाण्यात डिकी गेली असेल तर पाणी उतरताच बटण दाबून बघायचं नाही. बॅटरी सोडा, स्टेपनीची खोली कोरडी करा, टाकीतलं तेल बरणीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पाण्याचा थर दिसला किंवा तेल दुधाळ राहिलं तर वर सांगितल्याप्रमाणे तीन फेऱ्या. मोटार आणि कंट्रोल युनिटचे कनेक्टर काँटॅक्ट क्लीनरनं धुऊन, वाळवून मगच वीज जोडा.

ओलं कापड दुमडून ठेवू नका, पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. आणि गाडी उभी ठेवायची ती छत लावूनच. मेभर दुमडून ठेवलेलं छत आक्रसतं, मग बंद करताना पुढचं कुलूप पोचत नाही आणि सिलिंडरवर नको तेवढा ताण येतो. असं झालंच तर गाडी तासभर उन्हात ठेवून कापड सैल होऊ द्या, मग बंद करा. महिन्यातून एकदा छत पूर्ण उघडझाप करा, म्हणजे सीलच्या कडा तेलानं ओल्या राहतात.

रस्त्यात अडकलं तर

गाडी सुरक्षित जागी घ्या, इग्निशन बंद करा. पंप शोधा, तो डिकीत बाजूच्या पत्र्यामागे, स्टेपनीजवळ किंवा सीटच्या पाठीमागे असतो. ज्या पंपाला बायपास झडप असते, तिचा स्क्रू किंवा ॲलन की हलकीच उलट फिरवायची, अनेक गाड्यांत पाव ते अर्धा फेरा पुरतो. पूर्ण काढलात तर तेल बाहेर येईल. दाब उतरायला मिनिटभर द्या. मग दोघांनी दोन बाजूंनी फ्रेमला धरून, कापडाला नव्हे, छत सारख्या वेगानं वर आणा. अडलं तर जोर न लावता थोडं मागे नेऊन पुन्हा या. पुढचं कुलूप हातानं लावायला गाडीसोबत ॲलन की किंवा खास चावी दिलेली असते. ती टूलकिटमध्ये आहे का ते आजच बघून ठेवा. घरी आल्यावर झडप पुन्हा आवळा. ती उघडी राहिली तर पुढच्या वेळी मोटार चिरक्या आवाजात नुसती पळेल आणि कुणीतरी सांगेल की पंप गेला.